पहिलं वर्ष स्वस्त, दुसऱ्या वर्षी खिशाला भोक : अँटिव्हायरसच्या ‘ऑटो रिन्यूअल’चा हिशेब

विशेष विश्लेषण | तालुका प्रतिनिधी

बँकेचा मेसेज येतो. खात्यातून दीड-दोन हजार रुपये गेलेले असतात. कुणाला दिले, कशाचे दिले, काही आठवत नाही. ओटीपी कुणाला सांगितलेला नाही, लिंक उघडलेली नाही, कार्ड कुणाच्या हातात दिलेलं नाही. माणूस हातातलं काम टाकून बँकेत जातो. तिथं साहेब कॉम्प्युटरमध्ये बघतात आणि सांगतात, “ही फसवणूक नाही. परवानगी तुम्हीच दिलेली आहे.”

परवानगी कधी दिली? तर वर्षापूर्वी. पोराच्या लॅपटॉपमध्ये ऑफर बघून स्वस्तात अँटिव्हायरस टाकला होता. त्याचं वर्ष भरलं आणि कंपनीनं कुणाला न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे काढून घेतले. तेही पहिल्या वर्षीच्या दरानं नाही, दुप्पट-तिप्पट दरानं. यालाच ऑटो रिन्यूअल म्हणतात.

हा शहरातल्या लोकांचा विषय आहे असं समजू नका. आज गावात आपले सरकार सेवा केंद्रावर कॉम्प्युटर आहे, दूध संकलन केंद्रावर आहे, कृषी सेवा केंद्राच्या बिलाच्या टेबलावर आहे. पॉलिटेक्निकला किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांच्या घरी लॅपटॉप आहे. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याच मोबाईलवरून पैसे जातात. पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता खात्यात पडावा आणि त्यातले बरेचसे अशा रिन्यूअलमध्ये जावेत, ही थट्टा नाही. खताच्या गोणीचे पैसे आहेत ते.

सापळा नेमका कुठं आहे?

अँटिव्हायरस विकणाऱ्या कंपन्यांचं गणित सोपं आहे. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक आणायचं म्हणून मोठी सूट द्यायची. पडद्यावर मोठ्या अक्षरात कमी किंमत, जुनी किंमत खोडलेली आणि बाजूला लाल अक्षरात ‘आजच शेवटचा दिवस’. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही किंमत फक्त पहिल्या वर्षापुरती आहे, पुढं नियमित दरानं आपोआप नूतनीकरण होईल. बऱ्याच ठिकाणी तर सूट हवी असेल तर ऑटो रिन्यूअल मान्य करावंच लागतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका कंपनीचा अँटिव्हायरस पहिल्या वर्षी ४९९ रुपयांना मिळतो आणि पुढं दरवर्षी १,७९९ रुपये कापले जातात. दुसऱ्या कंपनीचा दरवर्षी सरळ ८९९ रुपयांना मिळतो. पहिल्या दिवशी ४९९ वाला स्वस्त वाटणारच. पण तीन वर्षांची बेरीज करा. पहिल्याचे होतात ४,०९७ रुपये, दुसऱ्याचे २,६९७. स्वस्त दिसणारा १,४०० रुपयांनी महाग पडला.

बियाण्याची पिशवी घेताना आपण नुसती किंमत बघत नाही, उगवण किती आणि एकरी किती लागेल तेही बघतो. इथंही पहिल्या वर्षाची किंमत सोडा आणि दुसऱ्या वर्षाची किंमत शोधा. ती लिहिलेली सापडत नसेल, तर तो माल आपल्यासाठी नाही.

ऑटोपे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा?

खात्यातून आपोआप पैसे जाणं हे मुळात वाईट नाही. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये खात्यातून जातात, ते याच पद्धतीनं. पण तिथं रक्कम सगळ्यांना पाठ आहे, महिना पाठ आहे आणि बदल्यात काय मिळतं तेही माहीत आहे. अँटिव्हायरसच्या किंवा ‘फक्त १ रुपयात ७ दिवस वापरा’ म्हणणाऱ्या ॲपच्या परवानगीत यातलं काहीच माहीत नसतं.

यूपीआयवर ऑटोपे सुरू करताना पिन टाकण्याआधी एक पडदा येतो. बहुतेक जण त्यावरचा १ रुपया किंवा ४९९ रुपये एवढंच वाचतात आणि पिन मारतात. त्या पडद्यावर आणखी तीन गोष्टी असतात. पहिली, कमाल रक्कम : ‘इतक्या रुपयांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. आज १ रुपया जाणार असला तरी परवानगी दोन हजारांपर्यंतची असू शकते. दुसरी, किती वेळा : महिन्याला, वर्षाला की कंपनी मागेल तेव्हा. तिसरी, शेवटची तारीख : ती वीस-तीस वर्षं पुढची असली तरी आपण बघत नाही.

जुन्या काळी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि रक्कम नंतर लिहायचा. ऑटोपेच्या कागदावर रक्कम लिहिलेली असते, एवढाच फरक. पण न वाचता पिन मारला तर तो कागद आपल्यासाठी कोराच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ॲप किंवा सॉफ्टवेअर काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही. ॲप मोबाईलमध्ये असतं, परवानगी बँकेकडं आणि यूपीआयकडं नोंदलेली असते. लॅपटॉप भंगारात घातला तरी रिन्यूअल चालूच राहतं. गावोगाव या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या बाजूनं आहे

या आपोआप कपातीसाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ मध्ये ई-मँडेटचे नियम काढले. आधी ते कार्डांसाठी होते, जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही लागू केले. बँका आणि कंपन्यांनी तयारीला वेळ मागितला, म्हणून मुदत वाढत गेली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली. या नियमांत गिऱ्हाइकाला मिळालेले हक्क असे :

• परवानगी नोंदवताना ओटीपी किंवा पिन लागतोच. त्याशिवाय ऑटोपे सुरू करता येत नाही.

• दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. कोण कापणार, किती कापणार आणि कधी कापणार, हे त्यात असलं पाहिजे.

• ती सूचना आल्यावर ती एक कपात किंवा अख्खी परवानगी नाकारण्याची सोय असली पाहिजे.

• परवानगी कधीही मागं घेता येते.

• या सोयीसाठी बँक गिऱ्हाइकाकडून वेगळा आकार घेऊ शकत नाही.

• सूचना स्पष्ट आणि समजेल अशा भाषेत असावी.

हे सगळं कागदावर चांगलं आहे. मग तरी लोकांचे पैसे का जातात?

नियम आहे, पण मेसेज कुणाच्या मोबाईलवर जातो?

पहिलं कारण म्हणजे रकमेची मर्यादा. नोंदणी झाल्यावर ठरावीक रकमेपर्यंतच्या कपातीला पुन्हा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती, नंतर ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. विम्याचे मोठे हप्ते भरणाऱ्यांची यात सोय झाली. पण अँटिव्हायरसचं कुठलंही घरगुती रिन्यूअल १५,००० च्या आतच असतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी किंमत तिप्पट झाली आणि ती परवानगीच्या कमाल रकमेत बसत असली, तर मोबाईल काही विचारत नाही. पैसे सरळ जातात.

दुसरं कारण म्हणजे ती २४ तासांची सूचना. ती येते, पण बहुतेक वेळा इंग्रजीत येते. दिवसाला पन्नास मेसेज येतात, त्यात लोनच्या जाहिराती, रिचार्जच्या ऑफर, लकी ड्रॉ. त्या गर्दीत कामाचा एक मेसेज कोण वाचणार? काहींच्या खात्याला पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. मेसेज तिकडं जातो, पैसे इकडचे जातात. काहींनी दोन सिमांपैकी बँकेच्या सिमचा रिचार्ज बंद केलेला असतो, तिथं तर मेसेजच येत नाही. ईमेलवर सूचना आली तर ती बघतच कोण नाही, कारण ईमेल सेवा केंद्रवाल्यानं फॉर्म भरताना काढून दिलेला असतो.

तिसरं कारण वेळेचं. वर्षभराचं अंतर फार मोठं असतं. सोयाबीन काढून, हरभरा करून, पुन्हा पेरणी होईपर्यंत माणूस ते अँटिव्हायरसचं नाव विसरलेला असतो. कंपनीचा धंदा या विसरण्यावरच चालतो.

नियमातले ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द इथं फार महत्त्वाचे आहेत. मराठी माणसाला त्याच्या खात्यातून पैसे जाणार असल्याची सूचना इंग्रजीत पाठवायची आणि वर म्हणायचं की आम्ही कळवलं होतं, हे बरोबर नाही. बँकेच्या शाखेत किंवा ॲपमध्ये मेसेजची भाषा मराठी करण्याची सोय असेल तर ती करून घ्या. नसेल तर शाखेत लेखी मागणी करा. एकट्यानं मागून उपयोग होत नाही, पण ग्रामसभेत ठराव करून पन्नास खातेदारांनी मागितलं तर शाखाधिकाऱ्याला वर कळवावं लागेल.

भीती दाखवून विकणं आता अनुचित प्रथा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डार्क पॅटर्न म्हणजे पडद्यावरची अशी मांडणी की गिऱ्हाईक नको ते बटण दाबेल. अशा १३ प्रकारांची यादी त्यात आहे आणि त्यातले तीन तर आपल्या विषयाचेच आहेत. एक ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ : घेणं एका बटणावर, पण बंद करायचं म्हटलं की दहा पानं फिरायला लावायची. दुसरा, मोफत मुदत संपल्यावर नीट न कळवता गुपचूप पैसे घेत राहणं. तिसरा, तुमच्या यंत्रात व्हायरस आहे अशी खोटी भीती दाखवून तो काढण्याचं सॉफ्टवेअर विकणं.

बाहेरच्या देशांतही हा त्रास झालेला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनं २००९ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन कंपन्यांकडून ऑटो रिन्यूअलच्या तक्रारींवरून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर वसूल केले. ब्रिटनच्या बाजार प्राधिकरणानं २०१८ च्या शेवटी अँटिव्हायरस कंपन्यांची चौकशी सुरू केली. २०२१ मध्ये मॅकॅफी आणि नॉर्टन या कंपन्यांनी, रिन्यूअल झाल्यावरही करार सोडता येईल आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील, अशी हमी दिली. तिकडं शिकलेली, इंग्रजी बोलणारी माणसंही यात सापडली. तेव्हा आपल्याकडं कुणाचे पैसे गेले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजून गप्प बसलं की कंपनीचं फावतं.

मुळात अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा का?

मोबाईलसाठी बहुतेकांना गरज नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ आधीच असतं आणि ते फुकट आहे. प्ले स्टोअर उघडून प्रोफाईलच्या चित्रावर बोट ठेवलं की दिसतं. ते चालू आहे का तेवढं बघा. व्हिडिओ बघताना ‘तुमच्या मोबाईलमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशी पाटी आली तर ती जाहिरात आहे, तपासणी नाही. ती बंद करा.

मोबाईलला खरा धोका व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाईलचा आहे. पीएम किसानच्या नावानं, गाडीच्या चलनाच्या नावानं, लग्नाच्या पत्रिकेच्या नावानं अशा फाईली येतात. ती फाईल स्वतःच्या हातानं इन्स्टॉल केली तर महागातला अँटिव्हायरससुद्धा दर वेळी वाचवेल असं नाही.

लॅपटॉप-कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यात मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीच असतो, त्याचेही पैसे पडत नाहीत. घरी अभ्यासाला वापरायच्या लॅपटॉपला तो पुरतो. मात्र विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. जुन्या विंडोजची ही भगदाडं नुसत्या अँटिव्हायरसनं बुजत नाहीत. यंत्र झेपत असेल तर विंडोज ११ करून घेणं हाच पहिला खर्च असावा.

याशिवाय केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. व्हायरस साफ करण्याची साधनं त्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

सेवा केंद्र, पतसंस्था, दूध डेअरी, दुकान इथली गोष्ट वेगळी. तिथं दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, आधार आणि बँकेची कागदपत्रं असतात. तिथं चांगला विकतचा अँटिव्हायरस घेणं आणि महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणं शहाणपणाचं.

घ्यायचाच तर असा घ्या

१. तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानातून सीलबंद डबा किंवा की घ्या आणि पक्कं बिल मागा. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांचे डबे दुकानांत वर्षानुवर्षं विकले जातात. कंपनी कुठलीही असो. रोख पैसे देऊन की घेतली की कंपनीकडं तुमचं कार्ड किंवा यूपीआय नसतं, त्यामुळं परस्पर कापायला काही उरत नाही. वर्ष संपलं की तुम्ही ठरवायचं.

२. की टाकताना पडद्यानं कार्डाचा नंबर मागितला तर थांबा. पैसे दिलेले असताना कार्ड कशाला लागतं, हे दुकानदाराला विचारा.

३. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर वहीत लिहून घ्या. ऑटो रिन्यूअलची खूण आधीच केलेली असेल तर ती काढा. काढता येत नसेल तर घेतल्या दिवशीच कंपनीच्या खात्यात जाऊन ते बंद करा. बहुतेक ठिकाणी बंद केलं तरी भरलेलं वर्ष पूर्ण वापरता येतं, पण पडद्यावर तसं लिहिलं आहे ना ते वाचा.

४. किती यंत्रांसाठी आणि किती दिवसांसाठी आहे ते बघा. एका लॅपटॉपसाठी पाच यंत्रांचा पॅक घेऊ नका.

५. संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या महिनाभर आधीची खूण करा. घरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो, तिथंच हेही लिहायचं.

आज रात्री जेवणानंतर एवढं तपासा

फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम यातलं जे वापरता ते उघडा. प्रोफाईलमध्ये किंवा पेमेंटच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तिथं चालू परवानग्यांची यादी दिसेल. दोन-तीन ॲप वापरत असाल तर प्रत्येकात बघा. ओळखीची नसलेली किंवा नको असलेली परवानगी उघडून रद्द करा. रद्द करताना पिन मागितला जाऊ शकतो. आपणच आपल्या ॲपमध्ये रद्द करत असू तर घाबरू नका, पण पडद्यावर ‘रद्द’ हाच शब्द आहे ना, ते वाचून मग टाका.

मग प्ले स्टोअर उघडा, प्रोफाईलच्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. तिथून घेतलेली वर्गणी तिथंच बंद होते. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून दिलेली परवानगी बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये बघता येते. जमत नसेल तर पासबुक आणि कार्ड घेऊन शाखेत जा आणि ‘माझ्या कार्डावरची ई-मँडेट दाखवा’ असं म्हणा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. रद्द करायला म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथं चोरांनी टाकलेले नंबर असतात. तसंच ‘तुमचं अँटिव्हायरस रिन्यू झालं, पैसे कापले, रद्द करायला या नंबरवर फोन करा’ असे खोटे ईमेल आणि मेसेज येतात. फोन केला की ते मोबाईलमध्ये दुसरं ॲप टाकायला लावतात आणि आपला पडदा त्यांना दिसायला लागतो. आधी पासबुक बघा. पैसे गेलेलेच नसतील तर रद्द करायचं काय?

पैसे गेलेच तर

पहिल्या दिवशीच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन परताव्याची मागणी करा. बऱ्याच कंपन्या रिन्यूअलनंतर ठरावीक दिवसांत पैसे परत देतात, म्हणून उशीर करू नका. त्याच दिवशी ऑटोपे रद्द करा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. २४ तास आधीची सूचना आलीच नसेल तर तक्रार बँकेकडं लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. परवानगी दिलेलीच नसताना पैसे गेले असतील तर ती सरळ चोरी आहे. वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडंही जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

हजार-दीड हजारासाठी कोण एवढं करतंय, असं वाटेल. कंपनीचाही हिशेब तोच असतो, की एवढ्यासाठी कुणी तक्रार करणार नाही. पण एका गावात असे पन्नास जण निघाले तर गावाचे पाऊण लाख रुपये कुणी न मागता गेलेले असतात. ग्रामसभेत पाणीपट्टीच्या शंभर रुपयांवर आपण तासभर भांडतो. तेवढाच वेळ एकदा मोबाईलमधल्या ऑटोपेच्या यादीला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांची यादी घरातल्या शिकलेल्या पोरांनी वाचून दाखवावी. पिन मात्र ज्याचा त्यानंच टाकावा.